चार बोटं उचललेली गाडी

माझ्या माहेरी पाटे करायचे. असं सांगितलं की बायका विचारतात, मग वरवंटेही करत असाल! नाही हो. गाडीच्या मागच्या चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलवर पोलादाच्या लांब, कमानीसारख्या वाकवलेल्या पट्ट्या एकाखाली एक रचून बांधलेल्या असतात, ते हे पाटे. खड्डा आला की दबतात आणि परत उठतात, म्हणून मागे बसलेल्या माणसाची हाडं जागच्या जागी राहतात. माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, हे काम येत होतं आणि दुसरं काहीही येत नव्हतं. बाजारातून कोथिंबीर आणायला पाठवलं तर मेथी घेऊन यायचे. पण तुटलेला पाटा हातात घेतला की तो कुठल्या रस्त्यावर तुटला असेल, हे सुद्धा सांगायचे. खरं किती आणि गप्पा किती, देव जाणे. ट्रकवाले मात्र मान डोलवायचे.

आमचं पत्र्याचं शेड पेठ रोडला होतं, घरं संपून शेतं सुरू व्हायची तिथे. शेडच्या मागे दोन खोल्या, मध्ये नुसता पत्रा. त्यामुळे दादांचा घण आणि आईची भाकरी ही एकाच वेळी ऐकत मी वाढले. दादा पाट्याला कमान मारायचे, म्हणजे बसलेला पाटा ठोकून ठोकून परत वाकवायचे, आणि पत्र्याच्या अलीकडे आई त्याच ठेक्यावर बाजरीची भाकरी थापायची. ती म्हणायची, काम नसलं की माझ्या भाकऱ्या जाड होतात, ठेकाच मिळत नाही. आम्हाला ते खरं वाटायचं, कारण पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी आणि भाकऱ्या खरोखरच जाड. थंडीत हुलग्याची शेंगोळी व्हायची. लसूण-मिरचीचं वाटण तेलात पडलं की पाना खाली टाकून दादा आत यायचे आणि हात न धुता पातेल्यात डोकवायचे. "हात!" आई ओरडायची. दादा दोन्ही हात वर करून, पोलिसाने पकडल्यासारखे, उलट्या पावली मोरीकडे जायचे. हे रोज. रोज आम्ही हसायचो. आता लिहिताना वाटतं, त्यात हसण्यासारखं फार नव्हतं. पण हसत होतो, एवढं खरं.

नववीनंतर माझी शाळा सुटली. मुलीला एवढं पुरे, असं ठरवायला कोणी बसलंसुद्धा नाही, ते आपोआपच ठरलं. मग मी घरात आणि शेडमध्ये. सुटे भाग वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून यायचे. ते कागद सरळ करून मी वाचायची, तीच माझी पुढची शाळा. निम्मी बातमी असायची, निम्मी फाटलेली. उरलेली मी मनाने पुरी करायची. लिहायची खोड तिथूनच लागली असणार.

आता कानाचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

जुना पाटा परत वापरायचा की फेकायचा, हे दादा वाजवून ठरवायचे. आपण बाजारात मडकं वाजवून घेतो तसं. पाटा दोरीला टांगायचा आणि हातोडीने हलकी टिचकी मारायची. चांगला पाटा बारीक, लांब वाजत राहतो, देवळातली घंटा थांबल्यावर जशी अजून थोडी वाजते तसा. आत केसाएवढी चीर असली की बद्द वाजतो आणि लगेच गप्प. एके दुपारी मी शेडच्या दारात शेंगा फोडत बसले होते. दादांनी एक पाटा वाजवला आणि म्हणाले, "हा चांगला हाय, घे बाजूला." मी सहज म्हणाले, "दादा, हा तर बसकाय. वाजलाच नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाट्यावर रॉकेल चोळलं, फडक्याने पुसून टाकलं आणि वरून खडू घासला. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर एक ओली काळी रेघ उमटली. चीर होती.

दादांनी तो पाटा भंगारात टाकला आणि माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या मुठीतल्या शेंगा घेऊन फोडायला लागले. "विमानाचा आवाज येतो मला," म्हणाले. ओझरच्या कारखान्यातली विमानं तेव्हा आमच्या डोक्यावरून जायची. "माणूस बोलतो तेही येतं. पण बारीक काही येत नाय आता. सायकलची घंटी नाय येत. घणाने खाल्लं." मग म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नको. काळजी करत बसंल. आणि गिऱ्हाईकाला तर अजिबात नको. पाटेवाला बहिरा म्हटल्यावर कोण गाडी लावणार?"

त्या दिवसापासून मी दादांचे कान झाले. त्यांनी पाटा टांगला की मी काहीतरी निवडत दारात बसायची. पाटा चांगला वाजला तर माझं काम चालू. बद्द वाजला तर मी वेणी पाठीवरून पुढे घ्यायची. दादा एका डोळ्याने वेणी बघायचे आणि मोठ्या रुबाबात म्हणायचे, "हा नाय चालणार." दोन वर्षं हे चाललं, कोणाच्या लक्षात आलं नाही. आज माझ्याच कानात यंत्र आहे आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला की नातू माझ्याकडे संशयाने बघतो. तेव्हा मात्र मला पत्र्यावर चिमणी चालली तरी कळायचं.

त्या दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या आधी दिंडोरीकडचे सोपानतात्या आले. द्राक्षवाले. पिकअप गाड्या तेव्हा नव्यानेच दिसायला लागल्या होत्या आणि तात्यांना त्यांच्या पिकअपचं लेकरासारखं कौतुक. पण गाडी मागून बसली होती. तीच गाडी बागेतले क्रेट न्यायची, तीच पेठकडच्या डोंगरातून छाटणीला बायका आणायची. त्या दिवशी तात्यांबरोबर हिराबाई होती, त्या बायकांची मुकादम. छाटणीचे दिवस ठरवायला आली होती. काटक बाई, कमरेला विळा, कडेवर नात.

"दादा, हिला मागून वर उचला," तात्या म्हणाले. "चांगली वीतभर. दिसली पायजे लांबून."

"कशाला?" दादा म्हणाले.

"खाली घासती ना! ओढ्यात उतरली का मागचं सगळं दगडावर. हायवेला एक जण म्हणला, ठोकळे टाकतो. तासात काम."

"कसले ठोकळे?"

"ॲक्सल आणि पाट्याच्या मधी लोखंडाचा ठोकळा. एकानं नाय भागलं तर दोन."

दादा हसले नाहीत. ते खाली बसले, बोटाने मातीत चाकाचा गोल काढला, वर पाट्याची रेघ, आणि मध्ये एक चौकोन. "तात्या, ब्रेक मारला की ॲक्सल पीळ खातो. पाटा त्याच्यावर चिकटून बसला असंल तर धरून ठेवतो. मधी ठोकळा घातला की तुम्ही त्या पिळाच्या हातात दांडका दिला. एकावर एक दोन ठोकळे म्हंजी विचारूच नका. रिकाम्या गाडीला काय होणार नाय. भरलेली गाडी उतारावर असताना निसटला, तर ॲक्सल जाग्यावर राहत नाय."

"मग शॅकल लांब टाका. त्यो बी उपाय हाय म्हणं."

"पाट्याचं मागचं टोक ज्याच्यात लोंबतं ती कडी लांब करायची? गाडी उंच दिसंल. वळणावर झोकांड्या खाईल."

"तुम्हाला समदंच वंगाळ दिसतं," तात्या कुरकुरले. "करायचं तरी काय?"

"पाटे सोडायचे. एकेक वाजवून बघायचा. बसलेल्यांना कमान मारायची आणि एक पाटा वाढवायचा. पाटे ॲक्सलला बांधून धरणारे यू-बोल्ट नवे, जुने परत लावणार नाय. चार बोटं उचलंल. चारच. त्याच्यावर गेलं का ब्रेकची नळी ताणती. आणि दोन दिवस लागतील."

"चार बोटं!" तात्यांनी हताशपणे हिराबाईकडे बघितलं. "चार बोटांनी काय व्हतंय?"

हिराबाईने नात दुसऱ्या कडेवर घेतली. "मला इचारता? मागं बसल्यावर हे पोरगं हातातून उडतंय. घाटात तर दातावर दात. तुम्ही फुडं बसता, तात्या. तुम्हाला चार बोटं कमी वाटत्यात."

तात्यांनी गाडीची किल्ली दादांच्या हातात ठेवली. आई मागून पत्र्याआडून म्हणाली, "दोन दिवस!" म्हणजे ऐकत होती. माणसं अशी गाडीच्या मागे बसवून नेऊ नयेत, हे आज मी बसल्या जागी सांगू शकते. तेव्हा त्या वाड्यांवर दुसरं काही जायचंच नाही.

दोन दिवस ती गाडी शेडमध्ये होती. दादांची एक सक्ती होती, जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी हातसुद्धा घालायचा नाही. जॅक उचलायला, धरायला घोडी. घोडी म्हणजे तीन पायांचा लोखंडी टेकू. चेसीखाली दोन्हीकडे दोन घोड्या लावायच्या, पुढच्या चाकांना दगड, मग गाडीला खांदा लावून हलवून बघायचं, आणि मगच खाली जायचं. पाटे सुटे झाल्यावर दादांनी एकेक टांगून वाजवला. तिसऱ्याला मी वेणी पुढे घेतली. "हा गेला," दादा म्हणाले. नंतर ठोकाठोकी, आईच्या त्या दोन दिवसांतल्या भाकऱ्या कागदासारख्या पातळ. शेवटी गाडी जमिनीवर टेकवून दादांनी यू-बोल्टची नटं तिरकी-तिरकी, थोडी थोडी आवळली आणि दोन्हीकडची उंची बोटांनी मोजली. डावीकडे चार, उजवीकडे चार. ब्रेकची नळी हाताने हलवून बघितली, ताणलेली नव्हती. गाडी सोडताना तात्यांना बजावलं, "नवे बोल्ट पहिल्या फेऱ्यांत बसतात, मग नटं सैल पडतात. दोन दिवस चालवा आणि लगेच आणा. परत आवळल्याशिवाय माणसं बसवायची नाय."

तात्या आलेच नाहीत. आले ते थेट खंडेनवमीला, दुपारी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजायची. सकाळी दादांनी घण, हातोड्या, छिन्न्या, सगळे पाने रॉकेलने धुतले. आईने लाल कापड अंथरलं. मोठ्यापासून लहानापर्यंत पाने ओळीने मांडले, हळद-कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, समई लावली. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा उरकेपर्यंत हत्याराला हात नाही. आई म्हणायची, वर्षभर ती तुमच्यासाठी राबतात, एक दिवस त्यांना निजू द्या. आणि हे नुसतं म्हणणं नव्हतं. एका वर्षी दादांनी याच दिवशी कोणाच्या तरी घाईसाठी हातोडी उचलली होती आणि करंगळी ठेचून घेतली होती. ते बोट बघितलं की आईचा ओठ अजून घट्ट व्हायचा.

तात्या आले तेव्हा मी आत चुलीपाशी होते. देवीच्या घटावर बांधायला कडाकण्या तळत होते, आणि कढईतलं तेल सोडून उठता येत नव्हतं. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. तात्या म्हणत होते की ते तसेच पुढे पेठकडे निघालेत. अकरा बायका आणि चार पोरं आणायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी छाटणी धरायची आहे. दादांनी गाडी पुढे घ्यायला सांगितली, मागे घ्यायला सांगितली. त्यांनी मान कलती केली असणार, पूर्वीसारखी. आणि त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं, ते मात्र मला दिसलं, कारण मी त्याच वेळी मान वळवली. पण माझ्या हातात झारा होता, कढईचा चर्र आवाज होता, गाडीचं मला काहीच कळलं नव्हतं. मी काही खूण केली नाही.

खूण नाही, म्हणजे सगळं चांगलं. दोन वर्षं आमचा नेम तसाच होता ना!

"आवाज नाय," दादा तात्यांना म्हणाले. "आज हत्यार पूजेत हाय. परवा या, आवळून देतो."

मी चहा आणि दोन कडाकण्या घेऊन बाहेर गेले. तात्यांनी उभ्याउभ्या चहा संपवला, गाडीत बसले आणि गाडी मागे घेतली. फाटकापाशी गटारावर एक फरशी होती, तिची कड वर आलेली. उजवं चाक तिच्यावरून उतरलं आणि मी ऐकलं. टक्. एवढंच. सुपारी फुटल्यासारखं, कोरडं. डावं चाक उतरलं, काही नाही.

बोलावं तर दादांचं गुपित अंगणात सांडणार. न बोलावं तर ती गाडी घाट चढणार, आणि उतरताना तिच्यात हिराबाई आणि तिची नात.

"तात्या, थांबा!" मी ओरडले. "उजव्या बाजूला वाजतंय. बोल्ट सैल आहे."

तात्यांनी डोकं बाहेर काढलं. "कोण म्हणतंय? आत्ताच तर दादांनी बघितलं."

"मी ऐकलं."

"अगं, तुझ्या बापाचं वय गेलं ह्या धंद्यात. आन तू कडाकण्या तळता तळता गाडीचं ऐकती व्हय?" ते हसले. "दादा, पोरीचं लगीन करा आता. लय ऐकायला लागलीय."

आई दारात आली होती. "जाऊ दे ना बाई," ती मला म्हणाली. "परवा आवळतील म्हणाले ना. आज हत्यार उचलायचं नाही."

मी दादांकडे बघितलं. वेणी पुढे घेतली. आता खूण करून काय उपयोग होता, पण हाताला सवय. दादा माझ्या वेणीकडे बघत होते. किती वेळ, कोण जाणे. समईची वात सरळ जळत होती, तात्यांचं इंजिन चालू होतं. मला वाटलं, आता ते म्हणतील, गप बस. त्यांना म्हणता आलं असतं. सगळे त्यांच्याच बाजूचे होते.

"तात्या, गाडी बंद करा," दादा म्हणाले. "मला ऐकू येत नाय."

"आं? मोठ्यानं बोलू का?"

"तुमचं येतं. पाट्याचं येत नाय. दोन वर्षं झाली. शेडमधी जेवढे पाटे गेले ते हिनं ऐकलेत, मी नुसता हातोडी मारतो. ती वाजतंय म्हणली तर वाजतंय."

इंजिन बंद झालं. तात्या खाली उतरले. दादा पूजेकडे वळले. लाल कापडापाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांचा हात काही पुढे होईना. तेवढ्यात आईने त्यांना कोपराने बाजूला सारलं. खाली बसली, माळ उचलली, पान्यांकडे बघून हात जोडले.

"एकालाच उठवते," ती पान्यांना म्हणाली. "बाकीच्यांनी निजा." मग दादांकडे वळून, "कुठला?"

दादांनी बोटाने दाखवला. तिने तो पाना पदराने पुसला नाही, तसाच हळद-कुंकवासकट त्यांच्या हातात दिला.

उजवीकडच्या पुढच्या यू-बोल्टचं नट दोन आटे फिरलं, जोर न लावता. बाहेरून काही दिसत नव्हतं. सगळं नवं, काळं, चकचकीत. दादांनी चारही बोल्ट तिरके-तिरके आवळले, दोन्हीकडचे. शेवटी मला म्हणाले, "ऐक." तात्यांनी गाडी फरशीवरून तीनदा पुढे-मागे घेतली. तिन्ही वेळा फक्त टायर वाजलं. मी मान हलवली. तात्या जाताना माझ्यापाशी थांबले, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "येताना हळू आणतो." बस. संध्याकाळी गाडी परत आमच्या दारावरून गेली, मागे बायका दाटीवाटीने बसलेल्या. हिराबाईने हात केला. तिला काही माहीत नव्हतं. तात्यांनी कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

गिऱ्हाईक तुटेल ही दादांची भीती खरी निघाली नाही, पण अगदीच खोटीही निघाली नाही. दोन ट्रकवाले यायचे बंद झाले. बाकीचे यायचे आणि पाटा टांगला की दादांना सोडून माझ्याकडे बघायचे. लग्न होईपर्यंत मी उघडपणे ऐकत होते.

पण मला त्या दुपारचंच सांगायचंय. तात्या गेल्यावर आई आत गेली, कढई तशीच राहिली होती. दादा शेडमध्ये उलट्या डब्यावर बसले. हाताला कुंकू आणि ग्रीस एकत्र लागलेलं. मला वाटलं ते रागावलेत, म्हणून मी उगाच फरशी झाडत राहिले. जरा वेळाने त्यांनी मला जवळ बोलावलं.

"कसा होता गं आवाज?"

मी टाळूला जीभ लावून करून दाखवला. टक्. त्यांना तोही आला नसणार. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आवाज दिसतो का बघावा तसे.

"आणि एक विचारू?" ते म्हणाले. आत आई पीठ मळत होती, तिच्याकडे त्यांची पाठ होती. "तिच्या बांगड्या वाजतात का अजून?"

मी म्हणाले, "वाजतात."

"आत्ता?"

मी ऐकलं. "आत्ता वाजतायत," म्हणाले. "मळताना जास्त. आता थांबल्या. पाणी घेतलं असेल. आता परत."

दादांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्याजवळ बसून सांगत राहिले.